चार मोजेपर्यंत

आमच्याकडे लग्न ठरलं की पहिला फोन बँडला जातो. हॉल, आचारी, मुलीच्या मामाची रजा हे सगळं नंतर. बँडची तारीख मिळाली की ती भटजींना कळवायची, मग ती पंचांगात बसवायची जबाबदारी त्यांची. बाहेरच्या माणसाला ही थट्टा वाटते. मला वाटत नाही, कारण माझं स्वतःचं लग्न आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बँडसाठी नऊ दिवस पुढे ढकललं होतं. माझे सासरे जळगावचे, नोकरदार. ते म्हणाले, बँडचं काय एवढं, दुसरा बघू. आबांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, मग मुलगाही दुसराच बघू. सासऱ्यांनी नऊ दिवस मान्य केले, पण पुढे कित्येक वर्षं चहाच्या कपाबरोबर मला ते ऐकवत राहिले.

तो आमचा बँड. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. धुळ्याकडचा आहे एवढं पुरे. त्यांचे मास्तर क्लॅरोनेट वाजवतात. गाण्याची शेवटची ओळ यायच्या आधी ते थांबतात. ढोल, ताशा, गाडीवरचा पियानो, सगळं एका क्षणी बंद. नाचणाऱ्यांचे हात वर तसेच राहतात, कुणाचा एक पाय उचललेला असतो. आणि मग, आता येईल आता येईल असं वाटून जीव टांगणीला लागला की खालच्या सुरातून ती ओळ येते. याला आम्ही ‘मास्तरांचा दम’ म्हणतो. दम किती वेळाचा असेल ते मास्तरांनाही माहीत नसावं. कधी पापणी लवेपर्यंत, कधी इतका लांब की नवरदेवाचा घोडासुद्धा मान वळवून बघतो. लहानपणी मी आबांच्या खांद्यावर बसून हे ऐकलं, आणि दम सुरू झाला की आबांच्या छातीतला श्वासही थांबायचा, तो मला मांडीला कळायचा.

मी जळगावात एका शाळेत क्लार्क आहे. पन्नाशीला टेकलेली बाई, दोन मुलांची आई, आणि फोनवर बँडच्या चाहत्यांचा ग्रुप चालवते, हे ऐकून स्टाफरूममध्ये अजून हसतात. हसोत. ग्रुपमध्ये शेकड्यांनी माणसं आहेत, बहुतेक पुरुष. त्यात केळीच्या गाड्या भरणारे आहेत, एसटीचे कंडक्टर आहेत, सुरतेला कामाला गेलेले आहेत. सगळ्यात जास्त लिहिणारे दोघं. एक नशिराबादचे नाना, ज्यांच्या मते गाडीवर भोंगे चढले त्या दिवशीच बँड संपला, तरी ते रोज सकाळी सहाला नवा व्हिडिओ मागतात. दुसरा पहूरचा एक हार्डवेअरवाला, ज्याचं आजवर माझ्याशी कशावरही एकमत झालेलं नाही.

चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत आमची भांडणं साधी होती. कुठलं लग्न जास्त रंगलं, मास्तरांनी कुठे कोणतं गाणं दोनदा घेतलं, इतकंच. मग पिंपळनेरच्या बाजूचा एक नवा बँड आला. गणवेश तोच लालभडक, गाडीवरचे दिवे तसेच, गाण्यांचा क्रमही तोच. त्यांचा क्लॅरोनेटवाला तिशीतला, बारीक अंगाचा. तोही शेवटच्या ओळीआधी थांबायचा. त्यांचे व्हिडिओ आमच्या बँडपेक्षा जास्त लोक बघू लागले, आणि ग्रुप फुटला.

एक पक्ष म्हणे, ही सरळ चोरी आहे. दुसरा म्हणे, चोरी कसली, मास्तर आता थकले, तारखा मिळत नाहीत, गरिबाच्या लग्नात काय वाजवायचं, थाळ्या? सुरतवाले म्हणायचे, आम्हाला नाचायला मिळाल्याशी मतलब. नाना म्हणाले की मास्तरांनी स्वतः तरुणपणी मालेगावच्या कुणा जुन्या वाजवणाऱ्याचा दम उचलला होता, तेव्हा चोरीचं बोलूच नका. त्यावर तीन जण ग्रुप सोडून गेले आणि संध्याकाळी परत आले. पहूरवाल्याने तर कमालच केली. फोनवरचं घड्याळ लावून दोन्ही बँडचे दम सेकंदांत मोजले, सरासरीचा तक्ता करून टाकला आणि खाली लिहिलं, फरक नाही, ताई उगाच तापतात.

मी तापले होतेच. पोरांचे दाखले सहीला खोळंबले होते, बाहेर पालक खिडकी वाजवत होते, आणि मी टेबलाखाली फोन धरून लिहीत होते की फरक सरासरी लांबीत नाहीच. नव्या बँडचा दम मोजता येतो. एक, दोन, तीन, चार, आणि आलेच. दर गाण्याला, दर गावाला, चार. मास्तरांचा मोजता येत नाही. ते वाट बघायला लावतात, हे नुसतं गणित करतात. मुख्याध्यापिका मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या ते मला कळलंच नाही.

पहूरवाल्याने माझी परीक्षा घेतली. पाच तुकडे पाठवले, नुसता आवाज, चित्र नाही. मी पाचही ओळखले. गाडीच्या भोंग्याचा खरखराट होता, मध्ये एक बाई कुणाला तरी पाणी मागत होती, तरी ओळखले. तेव्हापासून कुणालाही शंका आली की तुकडा माझ्याकडे यायचा. ताई, असली का नकली? मी ऐकायचे आणि एका शब्दात निकाल द्यायचे. त्या दिवसांत मला फार बरं वाटायचं, हे कबूल करते. घरात माझं कुणी इतकं ऐकत नव्हतं.

आबांचं एक सांगणं आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. आमच्या गावात म्हातारं माणूस नातवंडं बघून गेलं की वाजतगाजत नेतात. आबा ओटीवर बसून, सुपारी कातरत, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “मी गऊ का आपलाच बँड आनज्यात. दुसरा आनशात तं मी उठी बठसू.” मेलेला माणूस उठून बसणार म्हणून लोक हसायचे. माझा भाऊ हसायचा. मी हसायचे, पण ते मनात गाठ मारून ठेवायचे.

मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात आबांनी खाट धरली. श्वास पुरत नव्हता. मी दर शनिवारी शाळा सुटली की जळगावहून धुळ्याची गाडी धरायचे आणि तिथून गावाला. ओटीवर त्यांची खाट, खाटेशेजारी स्टूल, स्टुलावर स्टीलचा पेला आणि पेल्यात फोन उभा केलेला. पेल्यात ठेवला की आवाज मोठा येतो. आबा डोळे मिटून बँड ऐकत पडायचे आणि दम आला की पांघरुणाखाली त्यांची बोटं थांबायची.

एका रविवारी मी पायरीवर मेथी निवडत होते. पेल्यातून गाणं चाललं होतं. शेवटच्या ओळीआधी थांबलं, आणि माझ्या डोक्यात आपोआप सुरू झालं, एक, दोन, तीन, चार. आलंच. मी मेथी टाकून उठले. म्हटलं, आबा, हा आपला बँड नाही. हा त्या नव्या पोरांचा आहे. कुणी लावून दिला?

आबांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, “पोरे चांगलं वाजाडतस. बठ्ठा आपलाच शेतस.”

सगळे आपलेच, म्हणे. मी काय करावं? पेल्यातून फोन काढला, आमच्या बँडचं खरं गाणं शोधलं, लावलं आणि परत पेल्यात ठेवला. आबांनी तेही ऐकलं, त्याच समाधानाने. औषधांनी त्यांचा कान गेला असं मी ठरवून टाकलं. भावालाही तसंच सांगितलं. मला त्याचं वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, म्हाताऱ्या माणसाचा येऊ नये तसा. इतक्या वर्षांचा ऐकणारा माणूस, आणि त्याला कळू नये?

चैत्र संपता संपता, सकाळी चहा अर्धा पिऊन आबा गेले. मी त्या दिवशी गावातच होते. रडणं दूर, माझ्या हातात आधी फोनच आला. मास्तरांच्या मुलाला लावला. ते सगळे पहूरकडे एका लग्नात होते, नवरदेव पारावर जायला निघत होता. पंधरा मिनिटांनी पुन्हा लावला, मग पुन्हा. तिसऱ्यांदा मास्तर स्वतः फोनवर आले. आबांना ते नावाने ओळखत होते. म्हणाले, पोरी, नवरदेवाला असा मध्येच टाकून येता येत नाही, आणि मयताला वाजवून परत मांडवात शिरता येत नाही. दिवस मावळता येतो, तोवर थांबवा.

दिवस मावळेपर्यंत कुणाला थांबवणार? ऊन असं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या तासाभरात पाणी होऊन ओटीवरून खाली आल्या. गावातली जाणती माणसं घड्याळ बघत होती. मी ओटीवरून गल्लीच्या तोंडापर्यंत आणि तिथून परत ओटीपर्यंत किती खेपा घातल्या ते माहीत नाही. आईने मला एकदा हाताला धरून खाली बसवलं, मी परत उठले.

दुपारी एकच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली. भावाने त्याच्या सासरच्या ओळखीने पिंपळनेरकडचा तो नवा बँड बोलावला होता. त्यांची त्या दिवशीची तारीख मोकळी होती. मला त्याने विचारलं नाही, कारण मी काय म्हणेन ते त्याला ठाऊक होतं. आठ-दहा जण उतरले. लाल गणवेश नव्हते, सगळे पांढऱ्या सदऱ्यात आले होते. वाद्यांची झुपकेदार झालर काढून टाकलेली. हे आत्ता आठवतं. तेव्हा मला फक्त तो बारीक अंगाचा क्लॅरोनेटवाला दिसला, आणि डोकं फिरलं.

मी तिथेच, साऱ्या गल्लीदेखत, त्याला म्हटलं की आमच्या आबांना नकली चालत नाही. त्यांनी सांगून ठेवलंय. वाजवायचं नाही.

भाऊ म्हणाला, ताई, अगं. आबांचं ते सांगणं जमलेल्या म्हाताऱ्यांनीही ऐकलेलं होतं. माझी बाजू बळकट होती. क्लॅरोनेटवाल्याने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. त्याने ओठाला लावायची पट्टी काढून खिशात ठेवली, वाद्य टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाला, “ठीक शे अक्का. मंग आम्ही नुसता मांगे चालतस.”

आणि ते चालले. आमच्याकडे बायका गल्लीच्या तोंडापर्यंतच जातात. तिथे उभी राहून मी बघत होते. पुढे आबा, मग माणसं, आणि सगळ्यात मागे ती पोरं. ढोलवाल्याने ढोल गळ्यात अडकवलेला होता आणि तो वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी कातड्यावर धरला होता. वळणावर ते दिसेनासे झाले. आबा वाजतगाजत गेले नाहीत. ज्या माणसाने बँडसाठी लेकीचं लग्न नऊ दिवस ढकललं, तो माणूस चपलांच्या आवाजात गेला.

पहिले काही दिवस मी स्वतःला सांगत होते की मी त्यांचा शब्द राखला. दिवस झाले, जळगावला परतले, शाळा सुरू झाली. एकदा शाईचा शिक्का मारता मारता ‘बठ्ठा आपलाच शेतस’ हे शब्द कानात आले. ते भ्रमिष्ट माणसाचे नव्हते. मी कितीदा तरी तो रविवार आठवून बघितला. आबांचा आवाज स्वच्छ होता. त्यांना फरक कळत होता, म्हणून तर त्यांनी ‘पोरे’ म्हटलं होतं. मास्तरांना कोण पोरं म्हणेल? त्यांनी मला विचारलं नव्हतं की हा कोणता बँड. त्यांनी मला सांगितलं होतं की हेही चालतील. आणि मी गाणं बदलून परत मेथी निवडायला बसले होते.

त्यानंतर माझं मन लागेनासं झालं. भाजीत मीठ दोनदा पडायचं. बसले तर पाय हलत राहायचा. ग्रुपवर तुकडे येत होते, ताई, असली का नकली, आणि मी उत्तर देत नव्हते. बाकीच्यांना वाटलं, दुःखात आहे. भावाशी बोलणं होत होतं, पण शेतीचं, आईच्या गुडघ्यांचं. त्या दिवसाचं तोही काढत नव्हता आणि मीही नाही. त्याने मला एकदा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा फाल्गुनात शेजारच्या मुलाचं लग्न निघालं. वर्ष व्हायला महिना बाकी होता. आमच्याकडे दुःखाचं घर असलं की वाजंत्री त्या दारासमोर बंद होते, घर ओलांडलं की पुन्हा सुरू होते. म्हणून शेजारी आठ दिवस आधी आईकडे येऊन बसले, गूळ-पाणी झालं, आणि त्यांनी विचारलं की दारावरून वाजवत नेलं तर चालेल का. आई हो म्हणाली. कोणता बँड ते तिने विचारलं नाही. मी विचारलं. तोच होता, पिंपळनेरकडचा.

मिरवणूक चार वाजता निघाली. मी ओटीवर उभी होते, आई उंबऱ्यात बसली होती, भाऊ खांबाला टेकून. वाजत वाजत गाडी गल्लीत शिरली, पोरं नाचत होती, धुळीने अर्धी गल्ली दिसत नव्हती. आमच्या कुंपणाशी आले आणि बंद. परवानगी होती, तरी बंद. क्लॅरोनेटवाल्याने तोंडातून वाद्य काढलं, खाली धरलं आणि ओटीकडे न बघता चालू लागला. ढोलवाल्याचे दोन्ही हात कातड्यावर होते. नाचणारी पोरं गोंधळून थांबली. कुणी मागून ओरडलं, वाजवा ना, विचारलंय. तो चालतच राहिला. त्याला मी आठवत होते.

आई मला म्हणाली, “सांग त्यास्ले वाजाडाले.” तिने हे मलाच सांगितलं, भावाला नाही.

मी अनवाणी खाली उतरले. गाडीपुढे जाऊन उभी राहिले. एवढ्या लोकांपुढे काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. माझी बोलीभाषा जळगावच्या इतक्या वर्षांत बरीच पुसली गेली आहे, पण तोंडातून तीच आली. म्हटलं, “वाजाडा भाऊ. आमना आबानं ऐकनं बाकी शे.”

त्याने बघितलं. मान हलवली. खिशातल्या रुमालाने ओठ पुसले आणि सुरू केलं. आबांचं गाणं, जे माझ्या लग्नात वाजलं होतं, तेच. त्याला ते कसं माहीत, तर दोन्ही बँडचा क्रम एकच आहे म्हणून, दुसरं काही कारण नाही. शेवटच्या ओळीआधी सगळं थांबलं. गल्लीतले हात वर राहिले. मी ठरवलं होतं की मोजायचं नाही, पण माझं डोकं ऐकत नाही. एक, दोन, तीन, चार. बरोबर चारला आलेच. नवा बँडच तो, मास्तर नव्हेत. मी बरोबर होते, पहिल्यापासून बरोबर होते, आणि ओटीवरची खाट रिकामी होती. तेव्हा कुठे मला रडू आलं. भाऊ खाली आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

संध्याकाळी कुणीतरी त्या मिरवणुकीचा तुकडा ग्रुपवर टाकला. चित्र नाही, नुसता आवाज. ताई, असली का नकली? लगेच भांडण पेटलं. नाना म्हणाले मास्तरच, सुरतवाले म्हणाले शक्य नाही. सगळे माझी वाट बघत होते.

मी लिहिलं की दम चार मात्रांचा आहे, बँड नवा आहे. मग पुढे लिहिलं, माझ्या आबांना तो आवडायचा. मागच्या वर्षी तो त्यांना पोचवायला आला होता आणि मी वाजवू दिला नाही.

हे पाठवलं आणि ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. रोज पहाटे सहापासून चालणारा तो ग्रुप. मी फोन हातात धरून उंबऱ्यात बसून राहिले, आत आई भाकरी थापत होती. बऱ्याच वेळाने पहूरवाल्याचं आलं, ज्याचं माझ्याशी कधीच पटलं नाही त्याचं.

ताई, जेवलात का?

मी लिहिलं, अजून नाही, बसतेच आता. आणि आत जाऊन भावाच्या शेजारी पाट मांडला.